मेनोर्काहून मी एकटी परत आले

शैला, मी खोटं बोलले. माहोनच्या इस्पितळात कॉरिडॉरमध्ये अरविंदनी मला सरळ विचारलं, "उषा, तिला आधी काही त्रास होत होता का? छातीत, हातात? घाम?" आणि मी म्हटलं, "नाही हो. अगदी मजेत होती."

तुझा नवरा पहाटेच्या विमानाने साउथहॅम्प्टनहून धावत आला होता. दाढी वाढलेली, अंगात घरातलाच स्वेटर. माझं उत्तर ऐकून त्यांनी डोळे मिटले, दोनदा मान हलवली, म्हणाले, "मग अचानकच." मीही म्हटलं, "अचानकच." त्या एका शब्दावर आम्ही दोघं तुला घेऊन इंग्लंडला आलो, आणि पाच आठवडे मी त्याच शब्दावर दिवस काढले. मग निघेनात गं. म्हणून तुझ्याशी बोलतेय. एरवी कुठलीही गोष्ट मी आधी तुलाच सांगायचे, आणि ही सांगायला तूच नाहीस.

तुला तरी आठवतंय का आपलं हे सगळं कुठून सुरू झालं? माझा नवरा दिनकर गेल्यावर सहा महिने मी पुढच्या खोलीचे पडदे उघडले नव्हते. नोकरी होती म्हणून लायब्ररीत जायचे, पुस्तकांवर शिक्के मारायचे, घरी येऊन कोट न काढता सोफ्यावर बसायचे. तू एका मंगळवारी आलीस, पडदे सरकवलेस आणि म्हणालीस, "चल, लीझर सेंटरमध्ये बायकांचं सेशन असतं. आपण पोहायला शिकतोय."

"या वयात? शैला, मी छप्पन्न वर्षांची आहे."

"मी अठ्ठावन्न. म्हणजे मलाच जास्त घाई आहे."

घाई होतीच तुला. तीस वर्षं समुद्रकिनाऱ्यावर जाऊन तू समुद्रात पाय सोडून काही बुडवलं नव्हतंस. बोर्नमथ असो, वेमथ असो, नाहीतर तुझी वर्षा लहान असताना तेनेरिफ, तू आपली टॉवेलवर बसून सगळ्यांच्या चपला, चष्मे आणि पासपोर्ट सांभाळणार, सफरचंदं चिरणार, सेल्फ केटरिंगच्या त्या इवल्याशा किचनमध्ये खिचडी टाकणार. "मी ना, युरोपातल्या प्रत्येक बीचची वॉचमन आहे," असं म्हणून तू हसायचीस. मी तेव्हा तुझ्याबरोबर हसायचे. त्या हसण्यात केवढी भूक होती, ते मला त्या पूलमध्ये कळलं. मी रेलिंग धरून सहा आठवडे काढले. तू तिसऱ्या आठवड्यात हात सोडलेस. आपली शिकवणारी ट्रेसी, वर्षाहून लहान पोरगी, ती ओरडली, "लुक अॅट यू, शैला!" आणि तू नाकातोंडात पाणी गेलेलं असताना हसत होतीस.

स्पेनच्या त्या मेनोर्का बेटाची कल्पनाही तुझीच. एक आठवडा, फक्त आपण दोघी. नवरा नाही, मुलगी नाही, खिचडी नाही. मी लायब्ररीतून गाइडबुक आणलं आणि पानापानांत चिठ्ठ्या घातल्या. हजारो वर्षांपूर्वीचे दगडी बुरूज, सिउतादेयाचं कॅथीड्रल, माहोनचं बंदर. तू ते पुस्तक चाळून परत दिलंस. "दगड मी सह्याद्रीत पुष्कळ पाहिले. मला पाणी दाखव." मग आपण तह केला, एक दिवस तुझा, एक दिवस माझा. गॅटविकला सिक्युरिटीत तुझी पाण्याची बाटली आणि लोणच्याची बरणी दोन्ही काढून घेतल्या तेव्हा तू त्या माणसाशी बरणीसाठी दहा मिनिटं भांडलीस. मी लाजेने लांब जाऊन उभी राहिले. आत्ता वाटतं, तुझ्या बाजूने भांडायला हवं होतं.

शनिवारी पोचलो. काला गाल्दानाचा तो अर्धगोल किनारा, दोन्ही बाजूंना पांढरे कडे, वर पाइनची झाडं, आणि मध्ये ते पाणी. इतकं स्वच्छ, की बोटींच्या सावल्या तळाच्या वाळूवर पडलेल्या दिसत होत्या. रविवारी सकाळी तू लांब बाह्यांचा कॉस्च्यूम आणि लेगिंग घालून सरळ चालत गेलीस, गुडघे, कंबर, खांदे, आणि मग तुझे पाय सुटले. मी कमरेएवढ्या पाण्यात थांबले. तू उताणी झालीस, हात पसरलेस, आणि एवढ्या गर्दीत मराठीत ओरडलीस, "उषे, ये गं! काही करावं लागत नाही, हे पाणी आपणहून धरतं!"

मी गेले नाही. पूलला भिंत असते, समुद्राला नसते, असलं काहीतरी मी म्हटलं. तुझी ती एक हाक मी घेतली नाही.

सोमवारी आपण कड्यावरच्या त्या बघण्याच्या जागेकडे निघालो. पायऱ्या उंच होत्या, ऊन दहाचंच, पण कडक. अर्ध्या वाटेत तू थांबलीस. मला वाटलं, फोटो काढायचाय. वळून पाहिलं तर तुझा चेहरा पिठासारखा झालेला, वरच्या ओठावर घाम. डावा हात तू उजव्या हाताने धरला होतास.

"काय होतंय?"

"काही नाही. कालचं ते लसणाचं मेयॉनेज. अॅसिडिटी."

"हात का धरलायस?"

"पोहून भरून आलाय."

तू पायरीवर बसलीस. मी गाइडबुकने वारा घातला. पंधरा-वीस मिनिटं तू बोलली नाहीस, आणि तू इतका वेळ गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मी मोबाईल काढला. "मी अरविंदना फोन करते."

तू माझं मनगट पकडलंस. "नाही करायचा."

"शैला, वेडेपणा करू नकोस."

"तू केलास तर तो मला पुढच्या विमानाने घरी नेईल. मग टेस्ट, मग गोळ्या, मग 'शैला, जिने चढू नकोस, शैला, पाण्यात जाऊ नकोस.' परत मी टॉवेलवर. उषे, मला हा आठवडा हवाय. घरी गेल्यावर मी स्वतः सांगते त्याला. शब्द दे."

मी शब्द दिला.

आणि तू कोण होतीस? पंचवीस वर्षं डॉक्टर नवऱ्याच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसलेली बाई. फोनवर कोणी म्हातारं माणूस "छातीत जरा गच्च वाटतंय" म्हणालं, की तू त्याचं पुढचं वाक्य ऐकून घ्यायची नाहीस. "फोन ठेवा आणि नाइन नाइन नाइनला अँब्युलन्स बोलवा, आत्ता," असं दरडावायचीस. तू स्वतःच मला हे किती वेळा सांगितलंस. त्या पायरीवर तुला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं. दोघींनी मेयॉनेजवर ढकललं.

मला तुझा राग येतो, शैला. सगळे रडताना मी रडू शकले नाही, याचं कारण दुःख कमी होतं असं नाही, मला राग येत होता. माझ्या गळ्यात हे अडकवून तू गेलीस. आणि मग लगेच वाटतं, अडकवलंस कुठे, मी मान पुढे केली. मलाही तो आठवडा हवा होता. दिनकर गेल्यानंतरचा तो माझा पहिला चांगला आठवडा होता. तुला घरी न्यायचं म्हणजे मलाही त्या पडद्यांमागे परत जावं लागणार होतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुला दिलेला शब्द पाळायला मला सोपा गेला, कारण त्यात माझाही स्वार्थ होता.

मंगळवार माझा दिवस. तू इतकी बरी होतीस की मला आदल्या दिवसाची शंका यायला लागली. बसने सिउतादेयाला गेलो. कॅथीड्रलच्या गारव्यात तू बाकावर बसलीस आणि मी खांब बघत हिंडले. तू सावलीच्या गल्लीत आइस्क्रीम खाल्लंस, त्या बेटावर बनतात तसल्या चामड्याच्या चपला घेतल्यास, दुकानदाराला हिंदी, इंग्रजी आणि खुणा मिसळून हसवलंस. जुन्या बंदराच्या पायऱ्यांवर बसून म्हणालीस, "बरे असतात गं तुझे दगड. मी उगीच बोलले." मी तुला म्हणायला हवं होतं की मला दगडांचं काही नाही, मला फक्त तुझ्याबरोबर कुठेतरी बसायचं असतं. म्हटलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती.

बुधवारी सकाळी मात्र आपण भांडलो. तुला मकारेयाला जायचं होतं, जंगलातल्या वाटेने चालत. मी म्हटलं, आज आराम कर. तू म्हणालीस, काल तुझं चर्च झालं, आज माझा समुद्र. मी म्हटलं, चालायचं नाही, बोटीने जाऊ. तू म्हणालीस, बरं, पण पोहणार. मी म्हटलं, नको. तू म्हणालीस, पोहणारच. तेव्हा मी बॅग खांद्याला लावता लावता म्हटलं, "मग मर जा!"

शाळेत मैत्रिणी म्हणतात तसं. हसत. तूही हसलीस, "आधी नाश्ता तर करू दे," म्हणालीस. रोज सकाळी जाग येते तेव्हा डोळे उघडायच्या आधी मला ते वाक्य ऐकू येतं. माझ्याच आवाजात.

मकारेया तू पाहिलंस हे बरं झालं. हे मला म्हणता येतं, आणि म्हणताना स्वतःची किळसही येते. कड्यांतल्या त्या गुहा, त्यांच्यापुढे निळं, मग हिरवं, मग काठाशी अगदी रंगच नसलेलं पाणी. तू वीस मिनिटं पोहलीस. खडकापर्यंत गेलीस, खडकाला हात लावलास आणि वळलीस. मी काठावर उभी राहून तुझं डोकं नजरेआड होऊ न देता बघत होते. तू बाहेर आलीस तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, सुटले.

तू टॉवेल घेतलास, बसलीस. "पीच आहे का गं?" म्हणालीस. मी पिशवीत शोधत होते. "उषे, पाठीत..." एवढंच म्हणालीस आणि माझ्या खांद्यावर आलीस. वजन आलं तेव्हाच मला कळलं.

शेजारच्या छत्रीखालची एक स्पॅनिश बाई धावली. ती नर्स होती. तिने तुला उताणं निजवलं आणि छातीवर दाब द्यायला लागली. लाइफगार्ड हृदयाला झटके द्यायचं मशीन घेऊन आला. मी तुझा चष्मा हातात धरून उभी होते. दुसरं काही करायला मला येत नव्हतं. तीस वर्षं इंग्लंडमध्ये काढली, फर्स्ट एडच्या कोर्सचं पत्रक मीच लायब्ररीत दारावर लावायचे, आणि मी चष्मा धरून उभी होते. एका इंग्लिश आजीने माझा हात धरला. "तुझी बहीण आहे का, लव्ह?" मी हो म्हटलं. हेलिकॉप्टर आलं तेव्हा वाळू उडाली आणि सगळ्यांनी तोंडं फिरवली. मी फिरवलं नाही. ती नर्स दाब देत राहिली होती, थांबली तेव्हा तिचेही डोळे भरले होते. तुला ओळखत नव्हती ती. तिला मी धन्यवादसुद्धा दिले नाहीत.

पुढचं तुला काय सांगू. तेराव्याला तुझ्या घरी मराठी मंडळाच्या बायका जमल्या. "भाग्याची गं, सवाष्ण गेली, त्रास नाही, समुद्रकाठी, सुट्टीवर," असं एकजण पुरणाला वेलची घालताना म्हणाली. मी बाहेर जाऊन तुझ्या डस्टबिनपाशी उभी राहिले. तिथे वर्षा आली. ग्लासगोच्या हॉस्पिटलातून रजा घेऊन आल्यापासून तिने आईचाच कार्डिगन घातला होता. तिचं ते मराठी तुला माहीतच आहे, तू आयुष्यभर सुधारत राहिलीस.

"मावशी, एक विचारू? आई तिथे हॅपी होता का?"

"होती," मी म्हटलं. व्याकरण दुरुस्त केलं का उत्तर दिलं, मलाच कळलं नाही.

"आणि त्याला काही पेन वगैरे? बाबा म्हणतो काहीच नव्हता. बट आय जस्ट... तू तिथे होती ना."

तिच्याकडे बघून मला 'नाही' म्हणता आलं नाही. 'हो' पण म्हणता आलं नाही. मी तिला जवळ घेतलं आणि ती रडली आणि मी सुटले. असं सुटत सुटत मी कुठवर जाणार होते?

गेल्या शनिवारी मी तुझ्या घरी गेले. आधी फोन केला नाही, केला असता तर गेलेच नसते. अरविंद किचनमध्ये होते. चहा टाकला त्यांनी. आलं कुठे ठेवतेस ते त्यांना अजून सापडलेलं नाही, बिनआल्याचा चहा. मी कोट काढला नाही. उभ्यानेच म्हटलं, "अरविंद, मी तुम्हाला खोटं सांगितलं. सोमवारी तिला दुखलं होतं. पायऱ्यांवर. हात धरला होता, घाम आला होता. मी फोन करत होते, तिने करू दिला नाही. मी शब्द दिला."

मला वाटलं होतं ते ओरडतील. मला ते हवं होतं. घराबाहेर काढतील, "तूच मारलंस तिला," असं कोणीतरी एकदा मोठ्याने म्हणेल, आणि मग माझ्या आतलं माणूस म्हणायचं थांबेल. पण ते हळूच खुर्चीवर बसले. गॅस चालूच होता, चहा उतू गेला, मी बंद केला.

मग म्हणाले, "तुम्ही 'नाही' म्हणालात तेव्हा मी किती सुटलो होतो, तुम्हाला कल्पना नाही."

मला कळेना.

"सोमवारी संध्याकाळी तिने मला फोन केला होता. तुम्ही आंघोळीला गेला होतात म्हणाली. म्हणाली, छातीत जळजळतंय. मी टीव्हीवर मॅच बघत होतो. मी म्हटलं, बाहेरचं खाणं कमी कर, झोपताना गार दूध घे. ती म्हणाली, बरं." त्यांनी चष्मा काढला. "पेशंटला मी दुसरा प्रश्न काय विचारतो माहितीये? हातात जातंय का दुखणं. रोज विचारतो. तिला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. मग तुम्ही म्हणालात, आधी काहीच नव्हतं. मी म्हटलं, म्हणजे ती खरंच अॅसिडिटी होती. पाच आठवडे मी तेच धरून होतो, उषा."

शैला, मी त्यांच्या हातातलं तेवढंही काढून घेतलं. मी हलकी व्हायला गेले होते.

म्हणजे माझ्याकडून शब्द घेऊन तू स्वतःच फोन केलास. कशाला केलास गं? घाबरली होतीस का? मला म्हणालीस सांगू नको, त्यांना सांगितलंस अर्धंच. कोणीतरी तुझं न ऐकता हट्ट धरावा, असं वाटत होतं का तुला? आम्ही दोघांनीही तुझं ऐकलं. आयुष्यभर तू म्हणायचीस की या घरात माझं कोणी ऐकत नाही, आणि नेमकं तेव्हा ऐकलं. हे मी तुला विचारतेय आणि याचं उत्तर मला कधीही मिळणार नाही. तू हवी आहेस. भांडायला हवी आहेस. तुझ्या खांद्यांना धरून गदागदा हलवायला हवी आहेस.

मीही खाली बसले. आम्ही रडलो. तुझा नवरा रडताना मी पहिल्यांदा पाहिला. तोंडावर हात दाबून, आवाज न करता, जणू पलीकडच्या खोलीत पेशंट बसलेत.

मग ते म्हणाले, "वर्षाला यातलं काही सांगू नका. तिला झेपणार नाही. मला तेवढा शब्द द्या."

मी त्यांच्याकडे बघितलं. किती थकलेला माणूस. हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही, अरविंद," मी म्हटलं. "मी आता कोणालाच असला शब्द देणार नाही. तिने मला विचारलंय. परत विचारेल."

"ती माझा तिरस्कार करेल."

"माझाही करेल."

ते उठले, भिंतीवरचा फोन काढला आणि ग्लासगोचा नंबर लावला. "वर्षा? बाबा. वॉर्डवर आहेस का? घरी? बरं. नाही, मी ठीक आहे. तू बस जरा. आईबद्दल सांगायचंय." त्यांनी दोनदा सांगायला सुरुवात केली. मग रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

पलीकडून घाबरलेला आवाज येत होता, "बाबा? बाबा, काय झाला?"

मी फोन घेतला. "वर्षा, मावशी बोलतेय," मी म्हटलं. "सगळं ऐकून घे, मग मला काय बोलायचं ते बोल." आणि मी सांगायला लागले.